पाण्याचा १ मोल २२.४ लिटर नसतो

‘मोल कन्सेप्ट दोन मिनिटांत! फक्त पाच ओळी, सीईटीला हमखास उपयोगी’ हा मेसेज सध्या क्लासच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर आणि तिथून पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. अकरावीतल्या माझ्या भाचीने तो वहीत उतरवला, त्यावरून तीन गणितं सोडवली आणि तिन्ही चुकली. पोरीची काही चूक नाही, मेसेजच चुकीचा आहे. डझन म्हणजे बारा नग, तसा मोल म्हणजे अ‍ॅव्होगॅड्रो अंकाइतके, सुमारे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके, कण.

त्यातल्या ओळी अशा. एक, कुठल्याही पदार्थाचा १ मोल म्हणजे २२.४ लिटर. दोन, मोलला अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने गुणलं की अणू मिळतात. तीन, १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे १ मोल. चार, १ लिटर पाण्यात १ मोल पदार्थ टाकला की १ मोलर द्रावण, उदाहरणार्थ मोरचूद (कॉपर सल्फेट) १६० ग्रॅम. पाच, अ‍ॅव्होगॅड्रोने हे कण स्वतः मोजले.

पहिली ओळ सगळ्यात घातक, कारण ती सगळ्यात सोपी आणि लगेच पाठ होते. ऑफिसात पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार असतो, तो घ्या. मेसेजप्रमाणे त्यात २० भागिले २२.४, म्हणजे ०.८९ मोल पाणी. पाण्याचं मोलर मास, म्हणजे १ मोलचं वजन, १८ ग्रॅम. म्हणजे त्या जारमधल्या पाण्याचं वजन झालं १६ ग्रॅम! जो जार उचलताना कंबर धरते, त्यात २० किलो पाणी असतं, म्हणजे १,१०० हून जास्त मोल. उत्तर थोडंथोडकं नाही, सुमारे १,२४० पटींनी चुकलं. पाण्याचा १ मोल खरोखर बघायचा असेल तर खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण घ्या. दोन झाकणांना जरा कमी, १८ मिली, एवढाच तो असतो.

२२.४ हा आकडा फक्त वायूंचा आहे, आणि तोही ० अंश सेल्सिअस तापमान आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाब असतानाच. वायूचे रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की रेणू लहान की मोठा याने जवळपास फरक पडत नाही. किती जागा व्यापायची ते तापमान आणि दाब ठरवतात. द्रवात आणि स्थायूत रेणू एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे तिथे ज्याची त्याची घनता चालते. लोखंडाचा १ मोल साधारण ७ घन सेंटीमीटर, मिठाचा २७, साखरेचा २१५. यांना एकच आकडा लावणार कसा? आणि वायू असला तरी मुंबईत ० अंश कुठून आणायचं? ३० अंशांना, त्याच दाबाला, १ मोल वायू जवळपास २४.९ लिटर जागा घेतो. दाब १ अ‍ॅटमॉस्फिअरऐवजी १ बार दिला असेल तर ० अंशांना २२.७ लिटर. १९८२ पासून आयुपॅकचा (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) प्रमाण दाब १ बार आहे, जुन्या पुस्तकांत अ‍ॅटमॉस्फिअर आहे. म्हणून पेपरात एकक आधी वाचायचं, आकडा मग लावायचा.

दुसऱ्या ओळीला उत्तर द्यायला एकच कागद पुरे: आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेची एसआय पुस्तिका, २०१९ ची नववी आवृत्ती. तिच्यात मोलची व्याख्या सरळ आहे: १ मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके मूलभूत घटक. आणि लगेच पुढे म्हटलंय की हा घटक अणू असेल, रेणू असेल, आयन असेल, इलेक्ट्रॉन असेल किंवा कणांचा ठरवून दिलेला गट असेल. म्हणजे मोल हा नगाचा हिशोब आहे आणि नग कुठला ते आधी सांगावं लागतं. दादरच्या फुलबाजारात कमळं नगावर मिळतात, झेंडू किलोवर. मोलर मास म्हणजे किलोवरून नगावर यायचा दर.

हे न सांगितल्यामुळेच भाचीचं दुसरं गणित चुकलं. ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे किती मोल? तिने १६ ने भागून २ लिहिलं. १६ ग्रॅम हे ऑक्सिजन अणूंच्या १ मोलचं वजन. वायूत रेणू असतात, दोन-दोन अणूंचे, म्हणून ३२ ने भागायचं; उत्तर १ मोल. त्यात रेणू एक अ‍ॅव्होगॅड्रो अंकाइतके आणि अणू त्याच्या दुप्पट. १८ ग्रॅम पाण्यात अणू तिप्पट. मिठात तर रेणूच नसतात: ५८.५ ग्रॅममध्ये सोडियम आयन एक अ‍ॅव्होगॅड्रो अंकाइतके, क्लोराइड आयनही तितकेच.

तिसऱ्या ओळीचं अर्धं मान्य करावं लागेल. १९७१ पासून हीच अधिकृत व्याख्या होती. २० मे २०१९ पासून ती बदलली आणि आकडाच पक्का ठरवला गेला. गणितांच्या उत्तरात याने काही फरक पडत नाही, व्याख्या विचारली तर पडतो. पाचवी ओळ साफ खोटी. अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये समान तापमान-दाबाला समान आकारमानाच्या वायूंत समान रेणू असतात एवढं मांडलं. कण किती याचा पहिला अंदाज लोश्मिट या शास्त्रज्ञाचा, १८६५ चा. तोवर अ‍ॅव्होगॅड्रो हयातही नव्हते.

चौथ्या ओळीने प्रयोगशाळेत घोळ होतो. साखरेचा १ मोल, ३४२ ग्रॅम, १ लिटर पाण्यात विरघळवून बघा. द्रावण भरतं सुमारे १.२ लिटर आणि मोलॅरिटी, म्हणजे दर लिटर द्रावणातले मोल, येते ०.८ च्या आसपास. लिटर मोजायचा तो द्रावणाचा, पाण्याचा नव्हे. मोरचुदाचं तर वजनच चुकलंय. १६० हे निर्जल, पांढऱ्या भुकटीचं. बरणीतल्या निळ्या खड्यांत प्रत्येक घटकामागे पाण्याचे पाच रेणू असतात, म्हणून २४९.७ घ्यायचं. निळे खडे १६० ग्रॅम घेतलेत तर हातात ०.६४ मोलच येतो.

२५० मिली, ०.१ मोलर द्रावणासाठी निळं मोरचूद ६.२४ ग्रॅम तोला. बीकरमध्ये साधारण १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण विरघळवा, नरसाळ्यातून २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. बीकर आणि नरसाळं दोन-तीनदा विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्या. चिकटून राहिलेलं मोरचूद सिंकमध्ये गेलं तर द्रावण पातळ होतं. खुणेच्या सेंटीमीटरभर खाली थांबा, पुढचं पाणी ड्रॉपरने. डोळे खुणेच्या पातळीत, द्रवाचा खालचा बाक खुणेला टेकलेला. मग बूच लावून फ्लास्क दहा-बारा वेळा उलटासुलटा करा. हेच सोडियम हायड्रॉक्साइडचं करायचं असेल तर दोन गोष्टी जास्त: विरघळताना ते तापतं, म्हणून गार झाल्यावरच खुणेपर्यंत भरायचं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढून तराजूवरच जड होत जातं, म्हणून पटकन तोलून बाटली लगेच बंद करायची.

पाणी खुणेच्या वर गेलं तर जास्तीचं पिपेटने काढून भागत नाही. त्या पाण्याबरोबर मोरचूदही बाहेर येतं. फ्लास्क रिकामा करा, धुवा आणि पुन्हा ६.२४ ग्रॅमपासून सुरू करा.