‘आमच्या रक्तातच आहे’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला राग समजण्यासारखा आहे. मुद्देही वजनदार आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देतो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माणसाचं आरोग्य, म्हातारपण आणि मृत्यू यांवर त्याच्या समाजातल्या स्थानाचा खोल परिणाम होतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, जुळ्यांच्या अभ्यासांतून आयुष्य बरंचसं जनुकांवर ठरतं असं दिसतं, नव्या संशोधनात तर हा वाटा निम्म्यावर गेला आहे, आणि मी ते सांगितलं नाही. दोन, गरिबीमुळे माणूस आजारी पडत नाही, आजारपणामुळे गरीब होतो. तीन, तुमचे वडील आणि काका दोघेही पन्नाशीत हार्ट अटॅकने गेले. दोघांनाही पैशाची ददात नव्हती. ‘आमच्या रक्तातच आहे, त्याला समाज काय करणार?’ असं तुम्ही विचारलंत.

आधी आकड्यांचं बघू. १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या डॅनिश जुळ्यांच्या अभ्यासात आयुर्मानातल्या फरकापैकी साधारण चौथा हिस्सा आनुवंशिक निघाला होता. २०१८ मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळी तपासल्या गेल्या, तेव्हा तो १० टक्क्यांच्याही खाली आला, कारण माणसं आपल्यासारख्याच परिस्थितीतला जोडीदार निवडतात आणि त्यामुळे घराण्यातलं साम्य फुगून दिसतं; तो फुगवटा या हिशेबात वजा केला होता. तुम्ही म्हणता तो ५० टक्क्यांचा आकडा अपघात, संसर्ग अशा बाहेरून येणाऱ्या मृत्यूंचा परिणाम गणितातून काढून टाकल्यावर येतो. तो खोटा नाही. पण बाहेरची कारणं बाजूला काढली की आतल्या कारणांचा वाटा वाढणारच. शिवाय हे सगळे आकडे माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतात. तुमच्या ८० वर्षांपैकी ४० जनुकांनी दिली, असा त्यांचा अर्थ कधीच होत नाही. साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये हे फार नेमकं मांडलं होतं: सगळेच जण रोज २० सिगारेटी ओढत असते, तर फुप्फुसाचा कर्करोग हा आनुवंशिक आजार आहे असाच निष्कर्ष सगळ्या अभ्यासांतून निघाला असता. सगळ्यांना सारखाच मिळणारा धूर फरकाच्या हिशेबात दिसतच नाही.

आणि रशिया बघा. १९९० मध्ये तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ च्या आसपास होतं, १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली गेलं. चार वर्षांत कुठल्याही देशाची जनुकं बदलत नाहीत. बदलली होती ती नोकरी, दारू, दवाखाने आणि उद्याची खात्री.

दुसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. आजारपण माणसाला खरंच खाली ओढतं. मोठा आजार निघाला की आधी रजा संपते, मग पगार, मग साठवलेलं. पण बाण एकाच दिशेने जातो, हे मला मान्य नाही. लंडनमधल्या सुमारे १८,००० सरकारी नोकरदार पुरुषांवर १९६७ मध्ये व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सगळ्यांना कायम नोकरी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट होतं, आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही तफावतीचा मोठा भाग उरलाच.

तुम्ही म्हणाल, मुळातच अशक्त असलेले लोक खालच्या श्रेणीत राहिले असतील. माणसांना चिठ्ठ्या टाकून साहेब किंवा शिपाई करता येत नाही, त्यामुळे ही शंका पूर्ण जात नाही. माकडांवर मात्र हा प्रयोग झाला आहे, आणि तो मला या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. ऱ्हीसस जातीच्या ४५ माद्यांचे पाच-पाचांचे नऊ गट केले. गटात माद्या एकेक करून सोडल्या. जी आधी येते ती साधारणपणे वरचढ होते, शेवटी आलेली तळाला जाते. म्हणजे जागा ठरली ती प्रवेशाच्या क्रमाने, प्रकृतीने नव्हे. खाणं आणि देखभाल सगळ्यांना सारखी. तळाच्या मादीच्या वाट्याला दटावणी जास्त, अंगावरून प्रेमाने हात फिरवणारं कोणी क्वचितच. मग रक्त घेऊन रोगप्रतिकारक पेशींमधली कोणती जनुकं किती काम करताहेत ते मोजलं. तळाच्या माद्यांच्या पेशी जिवाणूच्या अंशाशी गाठ पडताच दाह निर्माण करणारी जनुकं जास्त जोराने चालू करत होत्या. पुढे गट मोडून नवे केले, तशा काही माद्या वर आल्या, काही खाली गेल्या. पेशींमधला कारभारही बराचसा नव्या जागेप्रमाणे बदलला! जनुकं तीच, मादी तीच. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘जनुकं की समाज’ अशी वाटणी करायला मी का तयार नाही, ते यावरून लक्षात येईल. समाजातली जागा जनुकांच्या कामातूनच शरीरात उतरते.

जिथे परिस्थितीचं फारसं चालत नाही असे आजार आहेतच. हंटिंग्टनच्या आजारात (हा मेंदूचा आनुवंशिक आजार) जनुकातला ठरावीक तुकडा ४० किंवा जास्त वेळा आला असेल, तर पुरेसं आयुष्य मिळालेल्या माणसाला तो आजार जवळजवळ नक्की होतो. तिथे मी समाजाचा मुद्दा पुढे करणार नाही.

आता तुमच्या घरचं, कारण हे उत्तर लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठी. तुमच्या वडिलांना नेमकं काय होतं ते मला माहीत नाही. पण ऐन पन्नाशीत सख्खे भाऊ हृदयविकाराने जातात, तेव्हा आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलची शंका घ्यायलाच हवी. साधारण २५० जणांत एकाला हा दोष असतो. यकृताला रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पुरेसं उचलता येत नाही आणि ते जन्मापासून साचत राहतं. म्हणजे ‘रक्तातच आहे’ हे तुमचं म्हणणं अक्षरशः खरं असू शकतं.

तरीही नेदरलँड्समधलं एक घराणं पाहा. हाच दोष असलेल्या या घराण्याची दोन शतकांची वंशावळ संशोधकांनी तपासली. एकोणिसाव्या शतकात दोष असलेल्यांचा मृत्युदर इतर जनतेपेक्षा जास्त नव्हता. १९१५ नंतर तो चढत गेला, १९३५ ते १९६४ या काळात सगळ्यात जास्त झाला आणि मग उतरला. त्याच घराण्याच्या दोन शाखांमध्येही मोठा फरक निघाला. दोष पिढ्यान्‌पिढ्या तोच होता. तो किती जणांचा जीव घेणार, हे त्या त्या काळातल्या राहणीवर ठरत गेलं. तुमच्या वडिलांचा काळही असाच एक काळ होता: काय खाल्लं जात होतं, सिगारेट किती सहज चालत होती, कोलेस्टेरॉल कोण तपासत होतं, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन हे औषध कोणाला मिळत होतं. पैसा असला तरी या गोष्टी एकट्याच्या हातात नसतात.

म्हणून आग्रहाने सांगतो. तुमची आणि सगळ्या भावंडांची लिपिड प्रोफाइल करून घ्या, चुलतभावांनाही सांगा. औषध चालू नसताना एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं, तर वडील आणि काका कोणत्या वयात गेले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते सामान्य आलं तरी लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) एकदा तपासा, तेही वारशाने येतं. वडिलांच्या टाचेमागच्या कंडरेवर जाडसर गाठ होती का, ते आईला विचारा, ही या आजाराची खूण आहे. दोष तुमच्यात निघाला तर प्रत्येक मुलात तो असण्याची शक्यता निम्मी. मुलांची तपासणी लहानपणीच होते, आणि गरज असेल तर डॉक्टर ८ ते १० वर्षांच्या वयापासून औषध सुरू करतात. वडिलांचे जुने रिपोर्ट घरात असतील तर टाकून देऊ नका, जाताना सोबत न्या.