मुलीला गाण्याला घालताय? मग तुम्हीही बसा

परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, "मुलगी पाच वर्षांची झाली, गाणं शिकवायचंय. मिरजेत कुठला क्लास चांगला?" मी उलट विचारलं, "तिच्याबरोबर क्लासला बसणार कोण?" तो म्हणाला, "बसायचं कशाला? सोडायचं, तासाने आणायचं." जेवणाच्या सुट्टीत त्याला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण बरंच राहून गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी मीही मुलीला असाच सोडत होतो आणि आणत होतो. एका खोलीत पंचवीस-तीस मुलं, पालकांना आत यायची मनाई, दारातून फक्त पेटीचा मोठा आवाज ऐकू यायचा. सहा महिने झाले नाहीत तोच परीक्षेच्या फॉर्मची सूचना आली. माझ्या मनात काही शंकाही आली नाही. फी भरत होतो, वेळेवर पोचवत होतो, म्हणजे आपलं काम झालं असं वाटायचं. एके दिवशी आई म्हणाली, "अरे, पोर गुणगुणायची बंद झालीय, लक्षात आलं का तुझ्या?" खरंच होतं. ही मुलगी आंघोळ करताना, जेवताना, शाळेच्या रिक्षात, सतत काहीतरी गुणगुणत असायची. गाण्याच्या क्लासला घातल्यावर तिचं घरातलं गाणं थांबलं होतं आणि ते मला कळलंसुद्धा नव्हतं. ही गोष्ट मला आजही बोचते.

मग तिला दुसऱ्या बाईंकडे घातलं. त्यांची अट एकच होती. पहिलं वर्षभर घरातलं एक मोठं माणूस मुलाशेजारी सतरंजीवर बसेल आणि मुलाबरोबर गाईल. "आईच पाहिजे असं नाही, बाबा बसले तर फारच छान," असं त्या म्हणाल्या. हिची दुपारची ड्यूटी असते, त्यामुळे मंगळवार-शुक्रवार मी बसायला लागलो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा तंबोऱ्यात सा मिळवायचा प्रयत्न केला. तो मिळत नाही तेव्हा काय वाटतं, हे शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीला काय वाटत असेल ते कळण्यासाठी फार गरजेचं होतं.

पहिला महिनाभर गाणं नाहीच. सा, आकार म्हणजे नुसत्या ‘आ’वर स्वर लावायचा, आणि डोळे मिटून तंबोरा ऐकायचा. बाई पेटी बंदच ठेवायच्या. पेटी समोर असली की मूल पट्टीकडे बघतं, ती वाजेपर्यंत थांबतं आणि मग तिच्या मागून जातं. नुसता तंबोरा असला की स्वर कानाने शोधावा लागतो. मला हे आधी पटलं नव्हतं. घरी पेटी होती, मी हौसेने ती काढून मुलीला गायला बसवायचो. तिथेच मोठी चूक होत होती. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या सुरावर असतो ती त्याची पट्टी. माझी पट्टी काळी एक, तिची काळी चार. मी माझ्या सोयीच्या सा वरून तिला गायला लावत होतो आणि खालचे स्वर काढताना तिचा आवाज दबत होता, घसा ओढला जात होता. बाईंनी समजावलं, "बाबा, तिच्या पट्टीत तुम्ही खालच्या सप्तकात गा. तिला तुमच्या पट्टीत ओढू नका." हे मला दाराबाहेर उभं राहून कधीच कळलं नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुलगी गाताना सारखी माझ्या तोंडाकडे बघायची. स्वर जरा खाली लागला की माझ्या कपाळाला आठी पडायची आणि ती तिथेच थांबायची. मला वाटायचं मी काहीच बोलत नाही, म्हणजे मी तिला टोकत नाही. बाईंनी दोन तास बघितलं आणि तिसऱ्या तासाला मला उठवून मुलीच्या मागे बसवलं. त्या दिवसापासून ती माझा चेहरा सोडून तंबोऱ्याकडे लक्ष द्यायला लागली. घरीही मी मागेच बसतो.

जपानमध्ये शिनिची सुझुकी नावाचे व्हायोलिनचे शिक्षक होऊन गेले (जन्म 1898, निधन 1998). दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी लहान मुलांसाठी एक शिक्षणपद्धती उभी केली, ती पुढे जगभर पसरली. त्यांचं म्हणणं साधं होतं. जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं, आणि ते व्याकरण शिकून नाही, घरात दिवसरात्र ऐकून बोलतं. मग संगीताचंही तसंच का होऊ नये? म्हणून त्यांच्या पद्धतीत पालक तासाला हजर असतो, सुरुवातीचे धडे आधी स्वतः वाजवायला शिकतो, आणि घरी त्या रचना रोज कानावर पडतात. आईला वाजवताना बघून मूल स्वतःच व्हायोलिन मागायला लागतं.

आपल्याकडे गाण्याच्या घरांत हे वेगळं शिकवावंच लागलं नाही. थोर गायिका किशोरीताई आमोणकरांच्या घरी आई मोगूबाईच गुरू होत्या. तिथे तालीम आणि घर अशी दोन वेगळी ठिकाणं नव्हतीच. तुमच्या-माझ्या घरात मात्र मिक्सर, मालिका आणि मोबाइल. आठवड्यातले दोन तास क्लास आणि बाकी सगळा वेळ हे, तर त्या लेकराच्या कानात स्वर मुरणार कुठून? ते काम क्लासचं नाही, आपलंच आहे. त्यासाठी गवई असायची गरज नाही, ऐकायला बसायची तयारी पाहिजे.

आम्ही काय करतो ते सांगतो. दिवेलागणीनंतर दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मोबाइलवर तंबोरा लावायचा, काळी चार. थोडा आकार, मग भूप रागाचे पलटे, म्हणजे स्वरांचे छोटे गट एकेक पायरी वर नेत गायचे: सारेग, रेगप, गपध, पधसां. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर. म्हणून बाईंनी तिला आधी भूप दिला. ग-प वरून ध वर जाताना ती अजून घसरते. मी टोकत नाही, तीच पुन्हा घेते. सर्दी-खोकला असेल तर गाणं बंद, फक्त ऐकायचं. तीनताल आम्ही स्कूटर सिग्नलला थांबली की मोजतो: सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्या मात्रेवर टाळीऐवजी ‘खाली’. खालीला हात उलटा करायचा असतो, तो तिचा सगळ्यात आवडता क्षण. आता ती आजीलाही शिकवते. आजी पोळ्या लाटता लाटता खाली चुकवते आणि मग तिला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मिरजेत राहायचं एक भाग्य आहे, ते मी आधी वापरलंच नव्हतं. एका रविवारी तिला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे पेपरात वाचलं होतं, पण मुलीला कधी आत नेलं नव्हतं. तिथल्या काकांनी तंबोऱ्याच्या तारेखाली सूत सरकवलं आणि साधा टणत्कार करणारी तार एकदम गुंजायला लागली. तारेच्या या गुंजण्याला जवारी म्हणतात, ती तिने तशी कानानेच शिकून घेतली. त्या रात्री झोपताना तिने स्वतःहून सांगितलं, "बाबा, तंबोरा लाव." मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसातही तिला घेऊन बसलो. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे आणि त्यांच्या नावाने दरवर्षी गाणं होतं. अर्ध्या तासात ती मांडीवर झोपली. मी उठलो नाही, बाजूच्या आजोबांनी तिच्या अंगावर शाल टाकली. झोपेतही कान उघडे असतात, असं बाई म्हणतात आणि माझा त्यावर विश्वास आहे.

परीक्षांबद्दल. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मी नावं ठेवत नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही शिडी मुलांना नीट वर नेते. दहावीला वाढीव गुणही मिळतात आणि ते कोणाला नको असतील असं मी म्हणणार नाही. पण सहा वर्षांच्या मुलीकडून रागाचं आरोह-अवरोह, वादी-संवादी (रागातले मुख्य स्वर) पाठ करून घ्यायचं आणि तिला त्या रागातला एक स्वरही स्वतःच्या कानाने धरता येत नसेल, तर ते मला अन्यायाचं वाटतं. सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर ढकलून व्हिडिओ काढायचे, हेही तसंच. मुलगी रडवेली झालेली असते आणि आपण मोबाइल धरून "मोठ्याने, मोठ्याने" ओरडत असतो. आमची अजून एकाही परीक्षेला बसलेली नाही. ती मागेल तेव्हा बसेल.

"वेळ नाही" असं बरेच बाबा म्हणतात. सगळ्यांना खरंच शक्य नसतं, शिफ्टमध्ये काम करणारे माझेच मित्र आहेत. तिथे आजी बसू दे, काका बसू दे, मोठा भाऊ बसू दे. पण क्लासची बहुतेक धावपळ आईने करायची आणि बाबाने फक्त फी भरायची, ही वाटणी मला आता पटत नाही. मुलीचा पहिला सरळ लागलेला सा मी शेजारी बसून ऐकलाय.

आता ती आठ वर्षांची झाली. गेल्या महिन्यात बाई म्हणाल्या, "बाबा, आता तुम्ही बाहेर ओसरीवर बसा. तिला तिचं गाऊ दे." थोडं जड गेलं, पण बसलो. आतून भूप ऐकू येत होता. धैवतावर ती थांबली, परत मागे गेली, पुन्हा घेतला, आणि या वेळी लागला. आतून बाई काही बोलल्या नाहीत, मीही काही बोललो नाही. ती पुढे गात राहिली.

ऑफिसातल्या त्या मित्राला सांगितलंय, शुक्रवारी सहा वाजता ये, बाईंची ओळख करून देतो. मुलीला आण, आणि तूही बसायच्या तयारीने ये.