मुंबई–न्यूयॉर्क 'फक्त सहा तास'? मावशी, असल्या मेसेजवर जाऊ नकोस

मावशी पुढच्या आठवड्यात लेकीकडे अमेरिकेला निघाली आहे. बॅग भरताना तिनं इन्सुलिनचं पेन चेक-इनच्या बॅगेत टाकलं. मी हटकलं, तर म्हणाली, "अरे, सहा तासांचा तर प्रवास. ग्रुपवर आलंय." मेसेज वाचला आणि डोकं सणकलं.

त्यात लिहिलंय: रात्री एकला मुंबई सोडा, सकाळी सातला न्यूयॉर्कला उतरा. म्हणजे प्रवास सहाच तासांचा.

अहो, तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात! उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात तिथे सकाळचे सात म्हणजे इथे दुपारचे साडेचार. रात्री एकपासून मोजा, साडेपंधरा तास होतात. दोन्ही विमानतळांमधलं कमीत कमी अंतरच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. ते सहा तासांत कापायला ताशी दोन हजारांवर वेग हवा. प्रवासी विमान नऊशेच्या आसपास उडतं. एवढा साधा भागाकार न करता मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना कळतं का, की या साडेपंधरा तासांत मधुमेही माणसाची दोन जेवणं आणि इन्सुलिनच्या वेळा येतात? शिवाय सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

पुढचा मुद्दा, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला निघालं की अमेरिकाच आपल्याकडे येते." पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमानही. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर १३,९०० किलोमीटरवरून १५,३००वर गेलं, तरी वेळ सुमारे दोन तासांनी घटला. अमेरिका आपल्याकडे येत असती, तर पूर्वेला जाताना ती लांब पळायला हवी होती. वेळ वाचला तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांमुळे.

"नकाशावर पट्टी ठेवा, कंपन्या मुद्दाम उत्तरेकडून लांबून नेतात" हेही चूक. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ती सरळ रेघ इजिप्त, मोरोक्कोवरून जाते आणि भरते १४,२०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून बघा, ती उत्तरेकडूनच जाते आणि आखूड भरते. आणि जास्तीच्या इंधनाचा खर्च कंपनीलाच पडतो.

हं, वळसे पडतात हे मात्र मान्य करावं लागेल. रशियाचं आकाश २०२२पासून अमेरिकी विमानांना बंद झालं, पाकिस्तानचं एप्रिल २०२५पासून भारतीय विमानांना. पण त्यानं वेळ वाढतो, सहा तासांवर येत नाही.

मावशीचं पेन आता हातातल्या पर्समध्ये आहे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. डोस कुठल्या घड्याळानं घ्यायचे, हे विचारायला उद्या तिला डॉक्टरांकडे नेतोय.