गांधीनगरात बस्ता बांधताना आठवलेल्या पोलिश बाई

आमच्या कोल्हापुरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर, हे ठरलेलंच. परवा भाचीच्या लग्नासाठी गेलो होतो, गर्दी मरणाची, पार्किंगला जागा नाही, आणि मला राहून राहून तिथल्या जुन्या शाळेची आठवण येत होती. म्हणजे मी पाहिलेली नाही हो, कशी पाहणार, १९४३ ते ४८ मध्ये तिथं वळिवड्याचा पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता तेव्हाची. पाचेक हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि पोरं. ते गेले आणि मग तिथं सिंधी निर्वासित आले.

ही स्टोरी आपण कॉलर टाईट करून सांगतो. महावीर गार्डनमधला त्यांच्या आठवणीचा स्तंभ, वॉर्सातली कोल्हापूरच्या नावाची पाटी, आम्ही आसरा दिला वगैरे. दिलाच, अभिमान आहे. पण मी स्वतः बावीस वर्षं शिकवतेय म्हणून असेल, मला त्या गोष्टीत आधी शिक्षिका दिसतात.

नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एकीची नाहीच, अशा कितीतरी होत्या. नवरा राखीव दलातला अधिकारी, एरवी डॉक्टर, वकील नाहीतर स्वतःच मास्तर. सप्टेंबर १९३९ मध्ये रशियन फौजेनं पकडून नेला. कोझेल्स्क किंवा स्तारोबेल्स्कच्या छावणीतून त्याची पत्रं यायची ती १९४० च्या मार्च-एप्रिलात बंद झाली. ५ मार्चला स्टालिन आणि मंडळींनी या कैद्यांना मारायच्या कागदावर सह्या केल्या होत्या, जवळपास २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. कैद्यांकडून घरच्यांची माहिती आधीच लिहून घेतलेली, आणि १३ एप्रिलच्या रात्री त्याच पत्त्यांवर शिपाई. पोरांसकट मालगाडीत, थेट कझाकस्तान. तिथून १९४२ ला इराण, मग कराची, मग आपलं वळिवडे.

१९४३ ला, पुन्हा १३ एप्रिललाच बघा, जर्मन रेडिओनं सांगितलं की रशियातल्या कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं पुरलेले खड्डे सापडलेत. रशिया म्हणाला हे जर्मनांनीच केलं. तिथं मिळाले ते कोझेल्स्कवाले, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव्ह या बाकी दोन छावण्यांतल्यांचा पत्ताच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कुंकू ठेवायचं की पुसायचं हेच कळेना. आणि सकाळी वर्ग आहे, दोन-तीन वर्षं शाळा बुडालेली दांडगी पोरं लहानांच्या बाकावर बसलीत, पुस्तकं पुरत नाहीत.

लोक लगेच प्रेरणादायी, खंबीर वगैरे लिहितात, मला ते पटत नाही. माझे वडील गेले तेव्हा चौदाव्या दिवशी मी सातवी ब वर गेले, खंबीर वगैरे काही नव्हते, घंटा झाली म्हणून गेले. तिचंही तसंच असेल असं मला वाटतं.

त्यात १९४५ ला याल्टाच्या बैठकीत मोठ्या लोकांनी पूर्व पोलंडमधलं ल्वुफ आणि विल्नो रशियाला देऊन टाकलं, कॅम्पातल्या बहुतेकांची घरं त्याच भागात. भूगोलाच्या तासाला फळ्यावर पोलंड काढायचा तर कुठला, मला सांगा. पोरांचं गाव आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं?

पुढं कुणी इंग्लंडला गेल्या, कुणी पोलंडला परतल्या. परतलेल्यांपैकी जी पुन्हा शाळेत लागली तिचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तिथं सरकारी सत्य एकच, कातिन जर्मनांनी १९४१ मध्ये केलं. नवऱ्याचं शेवटचं पत्र १९४० चं, पेटीत जपून ठेवलेलं, आणि वर्गात मात्र ते सरकारी सत्य बोलायचं नाहीतर गप्प बसायचं. रशियानं कबूल केलं ते १९९० ला. तारीख? १३ एप्रिल. वळिवड्यात तिशीची असलेली बाई तेव्हा सत्त्याहत्तरची.

गांधीनगर, वळिवडे, उचगाव भागात कुणाच्या आजी-आजोबांनी कॅम्पात दूध-भाजी घातली असेल तर प्लीज त्यांना त्या शाळेबद्दल विचारा आणि खाली लिहा. पोरं कुठल्या भाषेत पाढे म्हणायची, बाई कशा दिसायच्या, काहीही चालेल.