मानधन घेतलं म्हणून मी व्यावसायिक कसा झालो?

परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास उभं राहून पर्यवेक्षण करणं हा व्यवसाय आहे का? मला कुणीतरी सरळ उत्तर द्या, कारण आमच्या संस्थेच्या अकाउंट्सवाल्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की तो आहे!

मी एका कॉलेजात कायम नोकरीला आहे. पगार दर महिन्याला पीएफ कापून, प्रोफेशन टॅक्सचे २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून येतो. शनिवार-रविवारी आमच्याच वर्गांमध्ये बाहेरच्या भरती परीक्षा, प्रवेश परीक्षा होतात. त्यासाठी ड्युटी आम्हालाच लागते, ऑर्डर आमच्या प्राचार्यांच्या सहीची असते आणि पैसेही आमचीच संस्था आमच्या पगाराच्याच खात्यात टाकते. त्याला मानधन म्हणतात. २०२४-२५ मध्ये सगळं मिळून ते २२,००० रुपये झालं.

आता हे पैसे पगारात धरायचे, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, पगाराबरोबर कापायचा, फॉर्म १६ मध्ये, म्हणजे मालकाने द्यायच्या पगार-कराच्या दाखल्यात, दाखवायचे, विषय संपला. पण नाही. आमचं मानधन निघालं ते संस्थेच्या ऑडिटरची, वकिलाची, आर्किटेक्टची बिलं ज्या यादीतून निघतात त्या यादीतून. कलम १९४जे, व्यावसायिक सेवांची फी. दहा टक्के कापले, २,२०० रुपये, आणि २६क्यू मध्ये, म्हणजे पगाराव्यतिरिक्तच्या टीडीएसच्या तिमाही विवरणपत्रात, भरून मोकळे. बरं, १९४जे लावायचंच होतं तर त्याची मर्यादा तरी बघायची! त्या वर्षी ती ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. २२,००० दोन्हींच्या आत बसतात. म्हणजे कलम चुकीचं लावलं ते लावलं, वर त्या कलमानेही जो टीडीएस लागत नाही तो कापला.

आणि भोगायचं कुणी? मी. रिटर्न भरायला बसलो तर एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या उत्पन्नाच्या नोंदींच्या पत्रकात, पगाराच्या खाली माझ्याच संस्थेच्या नावाने दुसरी नोंद, व्यावसायिक फी म्हणून. फॉर्म १६ मध्ये त्यातला एक पैसा नाही. ते पैसे गाळले आणि टीडीएसचं क्रेडिट तेवढं मागितलं तर कलम १३९(९) खाली सदोष रिटर्नची नोटीस येऊ शकते, पंधरा दिवसांत दुरुस्त करा म्हणून. क्रेडिट सोडून दिलं तर २,२०० रुपये बुडाले. आणि एआयएसमध्ये लिहिलंय तेच खरं मानलं, तर माझा पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, आयटीआर-१, गेला आणि व्यवसायवाल्यांचा आयटीआर-३ आला.

तो आयटीआर-३ एकदा उघडून बघा. व्यवसायाचा कोड निवडा. हिशेबाची पुस्तकं ठेवत नसाल तर निदान एवढं तरी सांगा: येणी किती, देणी किती, मालाचा साठा किती, रोकड शिल्लक किती. मालाचा साठा! मी कुणाला काय विकलं? उत्तरपत्रिका मोजून, बंडलं बांधून, सही करून केंद्रप्रमुखांच्या ताब्यात देणाऱ्या माणसाने साठ्याच्या रकान्यात काय लिहायचं?

ज्यांच्याकडे गेलो ते सीए म्हणाले, "सर, एवढ्याशा पैशासाठी कशाला डोकं लावता? कलम ४४एडीए मध्ये टाकू, निम्मंच उत्पन्न धरलं जाईल, उलट फायदाच आहे." मला नकोय तो फायदा! ४४एडीए आहे वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, चार्टर्ड अकाउंटंट अशा ठरलेल्या व्यवसायांसाठी. स्वतःच्या मालकाने दिलेल्या परीक्षेच्या ड्युटीवर पन्नास टक्के खर्च झाला असं मी सही करून सरकारला सांगायचं? माझा खर्च झाला काय, तर दोन कप चहा आणि स्कूटरचं पेट्रोल. चुकीची नोंद दुसऱ्याने केली, आणि ती झाकायला खोटं मी बोलायचं. हा कुठला न्याय?

शिवाय त्यातला फास कुणी सांगत नाही. माझ्या घराचं कर्ज चालू आहे, त्याच्या व्याजाची वजावट मिळावी म्हणून मी जुनीच करप्रणाली घेतो. पगारदाराला ती निवड दरवर्षी रिटर्नमध्येच करता येते, आज ही, पुढच्या वर्षी ती. व्यवसायाचं उत्पन्न दाखवलं की जुनी प्रणाली निवडण्यासाठी फॉर्म १०-आयईए वेगळा, वेळेत भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परत गेलात की व्यवसायाचं उत्पन्न चालू आहे तोवर जुनीची दारं बंद. बावीस हजारांच्या मानधनापायी!

सगळ्यात जास्त संताप याचा येतो की सरकारला यातून एक रुपया जास्त मिळत नाही. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारावरची ठरलेली सरसकट वजावट, पगारातच वापरून झालंय. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर या पैशांवर तीस टक्केच लागणार, पगारात टाका नाहीतर इतर उत्पन्नात टाका. मला कर चुकवायचा नाहीये. पूर्ण बावीस हजारांवर भरायचाय. नोकरीच्या नात्याने मालकाने दिलेले पैसे म्हणजे पगार, हे माझं मत. कुणी म्हणेल ड्युटी वेगळी, पैसे वेगळे, तर कलम ५६ आहेच, दुसऱ्या कुठल्याच शीर्षकात न बसणारं उत्पन्न तिथे जातं. आयटीआर-१ मध्ये त्यासाठी रकाना आहे, पगाराव्यतिरिक्तचा टीडीएस दाखवायलाही जागा आहे. पगार म्हणा, इतर उत्पन्न म्हणा. व्यवसाय म्हणू नका, कारण तो नाही.

हे सगळं घेऊन मी अकाउंट्समध्ये गेलो. समोरच्या माणसाने स्क्रीनवरून मानसुद्धा वळवली नाही. "सर, सगळ्यांचं असंच केलंय. आता क्वार्टर बंद झालं." अहो, क्वार्टर बंद झालं म्हणून दुरुस्ती बंद होत नाही! टीडीएसचं सुधारित विवरणपत्र भरता येतं, ती सोय तुमच्यासाठीच आहे. पण ते कष्ट तुमचे, म्हणून नकोत. त्याऐवजी पन्नास-साठ प्राध्यापकांनी आपापल्या सीएला पैसे द्यायचे आणि धाकधूक करत बसायचं. करून सवरून तुम्ही नामानिराळे.

एआयएसवर हरकत नोंदवता येते, तीही नोंदवली. ती शहानिशेला जाते कुणाकडे? माहिती देणाऱ्याकडेच, म्हणजे फिरून त्याच टेबलावर. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, पगाराचा टीडीएस कलम ३९२ मध्ये, बाकीचा बहुतेक सगळा ३९३ मध्ये. कलमांचे आकडे बदलतील. आम्हाला कुठल्या यादीत टाकायचं हे ठरवणारा माणूस आणि त्याचा आळस तोच राहणार असेल, तर आम्ही पुन्हा ३९३ मध्येच सापडणार.

रिटर्न मी आयटीआर-१ मध्येच भरलंय. बावीस हजार पूर्ण दाखवलेत, खाली स्वच्छ लिहिलंय: परीक्षा पर्यवेक्षणाचं मानधन. नोटीस आली तर उत्तर देईन, ऑर्डरच्या प्रती जपून ठेवल्यात. पुढच्या ड्युटीची ऑर्डर टेबलावर आली आहे. प्राचार्यांना लेखी विचारलंय, हे पैसे पगारातून देणार की बिलांच्या यादीतून? उत्तरही लेखीच हवंय, आणि ते येईपर्यंत त्या ऑर्डरवर माझी सही होणार नाही.