पार्ट बदलण्याआधी एसीचा एरर कोड समजून घ्या

एसी चालता चालता बंद पडतो, डिस्प्लेवर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकू लागतो, आणि बहुतेक घरांत सर्वांत आधी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला जातो. माझे आग्रहाचे सांगणे आहे की स्विचला हात लावण्यापूर्वी त्या कोडचा फोटो काढून ठेवावा, आणि एसी सुरू होताच थांबला की तासभर नीट चालून मग थांबला, हेही टिपून ठेवावे. वीज बंद केल्यावर कोड बरेचदा डिस्प्लेवरून जातो आणि येणाऱ्या मेकॅनिकला अंदाजावरच काम करावे लागते.

सर्व कंपन्यांचे कोड सारखेच असतात, हा समज चुकीचा आहे. डायकिनच्या एसीत ‘एच६’ हा कोड आउटडोअर युनिटमधल्या कॉम्प्रेसरच्या रोटरची (आत फिरणाऱ्या भागाची) स्थिती ओळखता येत नसल्याचे सांगतो, तर ग्रीच्या अनेक स्प्लिट मॉडेलांत तोच ‘एच६’ इनडोअर पंख्याच्या मोटरकडून प्रतिसाद मिळत नसल्याची सूचना असते. इंटरनेटवर सापडलेला पहिला तक्ता पाहून दुरुस्ती ठरवली, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. म्हणून युनिटवरच्या स्टिकरवरील मॉडेल नंबर पाहून त्याच मॉडेलचा तक्ता शोधावा. काही कोड तर बिघाडाचे नसतातच; डीफ्रॉस्ट (साचलेला बर्फ वितळवणे) किंवा सेल्फ क्लीन चालू असल्याची ती केवळ सूचना असते. ज्या एसीला डिस्प्ले नाही, त्यात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे लागते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच कोड सांगतो. त्या सर्किटमधला नेमका कोणता भाग गेला आहे, हे मोजूनच कळते. तापमानाच्या सेन्सरचा कोड घ्या. हा सेन्सर म्हणजे बहुधा थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. पीसीबीला, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाला, मिळणारे मूल्य शक्यतेच्या बाहेर गेले की कोड येतो. पण असे मूल्य सेन्सर तुटल्याने येते, तसेच कनेक्टर गंजल्याने किंवा उंदराने वायर कुरतडल्यानेही येते. २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम रोध असणारा सेन्सर कनेक्टरमधून काढून मल्टिमीटरला लावला, खोलीच्या तापमानानुसार योग्य आकडा मिळाला आणि मुठीत धरताच तो आकडा घसरू लागला, तर सेन्सरवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही. ही तपासणी काही मिनिटांची असते. तरीही ती न करता ‘पीसीबी गेली’ असे सांगितले जाते, आणि ग्राहक मुकाट्याने मोठा खर्च करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इनडोअर आणि आउटडोअर यांच्यातील संपर्क तुटल्याच्या कोडचेही तसेच आहे. डायकिनमध्ये त्यासाठी ‘यू४’ येतो. तिथे पीसीबीला दोष देण्यापूर्वी आउटडोअरला वीज पोहोचते का, टर्मिनलचे स्क्रू घट्ट आहेत का आणि वायरला मध्ये कुठे जोड दिलेला आहे का, हे पाहिलेच पाहिजे.

गॅसबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. एसीतला गॅस वापरून संपत नाही, कारण तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. शिवाय फिल्टर धुळीने भरल्यावरही कॉइलवर बर्फ धरतो आणि थंडावा घटतो, म्हणजे लक्षण गॅस कमी झाल्यासारखेच दिसते.

घरच्या माणसाने फिल्टर धुवावा, आउटडोअरपुढची अडचण दूर करावी आणि एकदा पाच-दहा मिनिटे वीज बंद ठेवून पाहावे. तोच कोड परत आला तर वारंवार रीसेट करू नये, कारण कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठीच ते संरक्षण असू शकते. जळका वास येत असेल किंवा एमसीबी पडत असेल, तर एसी पुन्हा लावूच नये. आउटडोअरचे झाकण तर मुळीच उघडू नये; इन्व्हर्टर एसीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब शिल्लक असू शकतो.

प्रत्येक कंपनीने कोडचा पूर्ण तक्ता ग्राहकाच्या पुस्तिकेत छापावा, आणि मेकॅनिकने कोणता कोड आला, काय मोजले आणि त्यावरून कोणता पार्ट बदलला हे बिलावर लिहून द्यावे, असे माझे ठाम मत आहे. तोपर्यंत पार्ट बदलायला होकार देण्यापूर्वी ‘मोजल्यावर किती आले?’ हे आपणच विचारावे.