पीडीएफच करा हो!

आमच्या मंडळात पत्रक संगणकावर टाइप होतं, मग छापलं जातं, त्यावर सही-शिक्का बसतो आणि त्या कागदाचा स्कॅन वेबसाइटवर चढतो. म्हणजे चांगल्या मजकुराचं कष्टाने चित्र करायचं. स्कॅन जरा तिरका आला की कागद अस्सल वाटतो, असं सचिवांचं ठाम मत.

आमचे एक अंध सभासद स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सगळं ऐकतात. चित्रातली अक्षरं त्याला सहसा वाचता येत नाहीत. त्यांचा फोन आला, "वार्षिक अहवाल आवडला. 'रिकामं पान' एवढाच आहे, पण नेमका आहे."

बैठक बसली. वर्डची फाइल द्यावी, तर खजिनदारांना आकडे कुणी बदलेल अशी धास्ती. "पीडीएफच करा हो, सगळीकडे सारखं दिसतं!" खरंय. १९९३ पासून त्याची ख्यातीच ती. फोनवरही ते ए-फोर कागदासारखंच दिसतं, आणि एकेक ओळ वाचायला बोटाने डावी-उजवी करत बसावं लागतं.

पीडीएफ वाचनीय करता येत नाही असं नाही. मथळ्यांना मथळ्याचे टॅग (स्क्रीनरीडरला कळणाऱ्या न दिसणाऱ्या खुणा), वाचनाचा क्रम, चित्रांची वर्णनं असं सगळं आत भरता येतं. त्यासाठी २०१२ पासून पीडीएफ/यूए नावाचं मानकही आहे. पण आमच्याकडे 'प्रिंट टू पीडीएफ' दाबतात, आणि टॅग बहुधा तिथेच गळतात. त्यातून अध्यक्षांचं मनोगत जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, म्हणजे दिसायला देवनागरी, आत रोमन अक्षरं. स्क्रीनरीडरने रोमन अक्षरांचा चिवडा वाचला. सभासद म्हणाले, "मागच्या वर्षीपेक्षा बरं झालंय."

मी सुचवलं, साधं एचटीएमएल पान, म्हणजे नेहमीचं वेबपान, करू. अक्षर वाढवा, पडदा लहान करा, मजकूर आपोआप जुळवून घेतो. स्क्रीनरीडरवाला मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतो. छापायला हवं त्यांना शेजारी पीडीएफ ठेवू. सगळे गप्प. "इतकं साधं?" सचिवांनी विचारलं. त्यांना पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरं हवी होती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ : १ हवा, असं मी म्हटल्यावर त्यांना तो हिशेबाचा विषय वाटला आणि त्यांनी खजिनदारांकडे पाहिलं.

शेवटी पान मंजूर झालं. राहिलं फोटोचं पर्यायी वर्णन, म्हणजे फोटोऐवजी स्क्रीनरीडर वाचतो तो मजकूर. मी लिहिलं होतं, 'पदाधिकारी व्यासपीठावर'. सगळ्यांची नावं हवीत, 'माननीय'सह, असं ठरलं. फोटोत उपाध्यक्षांचं फक्त कोपर आलंय. ते नुसतं कोपर लिहावं की माननीय कोपर, यावर पोटसमिती नेमली आहे.